परीक्षकाची कॉफी

ओडेटनं आपलं पाठ केलेलं भाषण भलत्याच माणसापुढे म्हणून टाकलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

इतिहासाच्या प्राध्यापकांचं संमेलन होतं, हॅलिफॅक्सला. बाहेर धुकं, आत पुस्तकांची टेबलं. आम्ही निबंध ऐकायला येतो म्हणतो खरं, पण सगळा जीव त्या टेबलांपाशी अडकलेला असतो. प्रत्येक टेबलामागे एखाद्या प्रकाशनाच्या संपादक बाई, आणि पुढे आपलं पुस्तक त्यांच्या गळी उतरवायला आलेले घामाघूम प्राध्यापक.

ओडेट तिबोदो त्याच शहरात शिकवायची, पण नोकरी अजून कच्ची होती. दोन वर्षांत विद्यापीठ ठरवणार होतं, पक्की करायची की नारळ द्यायचा. पुस्तक कुणी छापायला घेतलं नाही, तर नारळच. म्हणून तिनं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि सुरू झाली.

"...आणि म्हणून माझं पुस्तक संशोधनातली ही मोठी उणीव भरून काढतं!"

डोळे उघडले. टेबलामागे एक कुरळ्या केसांचा माणूस हातात अर्धं सँडविच धरून बसला होता.

"छान," तो म्हणाला. "पण मी संपादक नाही हो. रोझलिनबाई कॉफी आणायला गेल्यात, मी नुसतं टेबल राखतोय."

"अहो, मग मधेच सांगायचं नाही का!"

"सांगणार होतो... पण शेवटी भाषणात तुमची आजी आली ना, मग थांबवावंसं वाटेना."

ओडेटची आजी किनाऱ्यावरच्या कारखान्यात डब्यांत लॉब्स्टर भरायची. तिथला मुकादम पोरींना दिवसभर गाणी म्हणायला लावायचा. का? तर गाणाऱ्या तोंडात लॉब्स्टर जात नाही!

"आजीपासूनच सुरुवात करा," तो पुढे झुकून म्हणाला. "प्रबंध लिहितो आपण परीक्षकाच्या भीतीनं. पुस्तक वाचकाच्या लोभानं लिहायचं. आणि ती उणीव आधी काढून टाका बघू! उणीव वाचायला कोण येतंय?"

"तुमची किती पुस्तकं झालीत म्हणे?"

"एक. तेही तीनदा साभार परत आल्यावर."

"आणि सल्ले देताय!"

"मार खाल्लेल्यालाच विचारावं, काठी कुठून येते ते."

ओडेटला हसू फुटलं. तेवढ्यात रोझलिनबाई आल्या, आणि ओडेटनं खरंच आजीपासून सुरुवात केली. बाई हातातली कॉफी प्यायला विसरल्या. "पूर्ण झालं की पाठवा मला," म्हणाल्या.

त्याचं नाव कॅलम मॅकॅस्किल. त्याच शहरातल्या दुसऱ्या कॉलेजात मासेमारीचा इतिहास शिकवायचा. मग दर शनिवारी बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात दोघं समोरासमोर बसून लिहू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. तो हसला की डाव्या गालावर बारीकशी खळी पडायची, आणि ओडेट वाक्य अर्ध्यात विसरायची.

पण तिची तऱ्हाच निराळी. त्यानं मान जरा उंचावली की ही आपली पानं झाकणार. त्यानं कॉफी देऊ केली की, "नको, माझी मी घेते." एकदा पाऊस कोसळत होता, त्यानं छत्री धरली, तर ही बाई चक्क भिजत निघाली.

"अगं, छत्रीत काय विष आहे का?" तो मागून ओरडला.

"नको म्हणजे नको!"

घरी जाऊन ती केस पुसत बसली आणि स्वतःवरच चिडली. सांगणार कसं? प्रकाशन हस्तलिखित दोन परीक्षकांकडे गुपचूप पाठवतं, आणि परीक्षक लेखकाचा जवळचा असून चालत नाही. एक परीक्षक रोझलिनबाईंनी आधीच ठरवला होता; दुसऱ्या जागेसाठी तिच्या एवढ्याशा विषयातले जाणकार उरले दोनच. एक, भल्याभल्यांना रडवणाऱ्या ग्रिमशॉबाई. दुसरा कॅलम. तिनं प्रकाशनाला कॅलमचं नाव सुचवायचं ठरवलं होतं. तोवर त्याला परका ठेवायला हवा ना! म्हणून वर्षभर तिनं मन मारलं.

हस्तलिखित गेलं. मे महिन्यात रोझलिनबाईंचा फोन आला. "एका परीक्षकाला आवडलंय. पण तुम्ही सुचवलेल्या गृहस्थांनी नकार दिला. मग दुसऱ्या एका बाईंकडे पाठवलंय."

बाई म्हणजे ग्रिमशॉच! ओडेटनं फोन ठेवला. तशीच ती कॉफीच्या दुकानात शिरली.

"माझं पुस्तक वाचायला नाही म्हणालास? तू?"

कॅलम कानापर्यंत लाल झाला. "ओडेट, ऐक तरी..."

"माझी नोकरी जाईल रे! हे शहर सोडावं लागेल मला!"

"रोझलिननं विचारलं, लेखिकेशी काही नातं आहे का..." तो टेबलाकडे बघत म्हणाला. "मी म्हटलं, अजून नाही. पण असावं अशी फार इच्छा आहे. मग कसं वाचू मी? मला तुझं सगळंच आवडणार."

ओडेट समोरची खुर्ची ओढून बसली.

"आणि मी मूर्ख..." ती म्हणाली, "तू परीक्षक व्हावास म्हणून वर्षभर स्वतःच्या पैशानं कॉफी पितेय!"

"काय? म्हणून छत्री नको होती?"

"म्हणूनच!"

"अगं वेडे! मला वाटलं, मी आवडत नाही तुला."

"आवडतोस रे. फार आवडतोस," ती म्हणाली, आणि डोळे भरून आले. "पण आत्ता काही ठरवायला नको. पुस्तक नाकारलं तर मी कुठल्या गावी असेन कुणास ठाऊक. आज तुला हो म्हणून उद्या सामान बांधायचं... मला नाही जमायचं."

"बरं," तो म्हणाला. "मी थांबतो."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. दर शनिवारी दोघं नेहमीसारखे लिहीत बसले आणि आपापली कॉफी आणत राहिले. ओडेटचं लक्ष मात्र फोनवरच असायचं.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळीच फोन वाजला. रोझलिनबाई हसत होत्या. "आपण छापतोय! दुसऱ्या परीक्षकबाईंची एकच अट आहे. मुली गायच्या ती गाणी पूर्ण छापा, म्हणजे म्हणता येतील."

ओडेटचा जीव भांड्यात पडला. ती स्वयंपाकघरातच खाली बसली आणि मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन, रिमझिम पावसात तशीच बाहेर पडली.

तिचे लाल डोळे पाहून कॅलम ताडकन उठला. "काय झालं? बोल ना!"

"घेतलं... त्यांनी पुस्तक घेतलं."

"हुश्श!" तो धपकन खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, तिला कळेना.

ती समोर बसली. ओल्या केसांतून पाणी गळत होतं. काउंटरकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"कॉफी नाही आणलीस?" त्यानं विचारलं.

"नाही. तू आण."

तो उठता उठता थांबला. "आणि पैसे?"

"तूच दे." तिनं त्याचा हात धरला. "आणि हे बघ... छत्री आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. का?"

"माझी मी मुद्दाम घरी ठेवून आलेय."