शपथेचा कोट

टेलरमास्तरांना कुणी गर्विष्ठ म्हटलं की ते खूश व्हायचे. का होऊ नये? अख्ख्या देशात शपथेचा कोट एकच, आणि त्याला सुई लावायचा मान त्यांच्याच घराण्याचा. माणूस निवडून आला की तोच कोट उसवून त्याच्या अंगाला बसवायचा. तो अंगात नसेल तर लोक शपथेला शपथ मानत नसत. ढेरपोटे झाले, काटकुळे झाले, एक तर कुबडाही होता. "लबाड असेल, पण निवडून आलाय ना? मग बसवतो," म्हणत मास्तरांनी सगळ्यांना बसवलं.

यंदा निवडून आल्या चणीनं लहानशा एक बाई. शपथेची हळद उतरली नाही तोच सेनापतींनी रणगाडे आणले. बाई हवापालटाला गेल्या, असं रेडिओ सांगत होता. कुठल्या गावाला, ते रेडिओलाही ठाऊक नसावं.

सेनापती म्हणजे चालतं कपाट. मास्तरांनी कोट उसवून बगलेत, पाठीत कापड घातलं, लाकडी पुतळ्यावर चढवला आणि जेवायला गेले. येऊन बघतात तर कोट पुन्हा बाईंच्या मापाचा.

"अहो, म्हातारचळ लागला तुम्हाला. चष्मा पुसा," बायको म्हणाली.

"तूच लाव टेप!"

तिनं कोटाच्या छातीभोवती टेप धरली. टेप ताणली गेली... सैल झाली... पुन्हा ताणली गेली. बाहेर भर दुपारचं ऊन, आणि दुकानात ओल्या मातीचा वास.

"अहो... हा श्वास घेतोय..."

"हळू बोल."

तेवढ्यात दारात जीप थांबली. सेनापती जातीनं आले आणि त्यांनी कोटाच्या बाहीत हात घुसवला. कोपरापर्यंत गेला, अडकला.

"उद्या शपथ आहे, मास्तर. कोट बसला नाही तर तुम्हाला नवीन घर देईन. बिनखिडकीचं."

बायको नवऱ्याच्या कानाशी लागली. "दुसरा शिवून द्या ना तस्साच... कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

वाकून वाकून धनुष्य झालेली मास्तरांची पाठ सरळ झाली. "साहेब, होणार नाही. कोट रिकामा नाही."

सेनापती हसले. हसत हसत हात ओढला, तो येईना. मग हसणं थांबलं. दोन शिपायांनी कमरेला धरून ओढलं तेव्हा कुठे सुटला. मनगटाला ओला चिखल होता. सेनापतींनी तो कुणाला पुसू दिला नाही, कोटाकडे वळूनही बघितलं नाही.

मास्तरांना जीपमध्ये घातलं. ते असे ऐटीत बसले, की शेजाऱ्यांना वाटलं, शपथ द्यायला यांनाच नेतायत.

बायको डोळे पुसत आत आली. पुतळ्यावरच्या कोटाची उजवी बाही सरळ वर उचललेली होती. आत हात नव्हता.

ती उंबऱ्यातच थबकली. मग पदर खोचून म्हणाली, "बाई, आमचं माणूस घरी येईपर्यंत... खाली घेऊ नका."

बाही अजून वरच आहे.