मागच्या पलंगापर्यंतचा वारा

शटर अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात ती गाडी दारात येऊन थांबली.

भरदुपारी दुकान बंद करायची तिची रीत नव्हती. पण त्या दिवशी पापण्याच जड झाल्या होत्या. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून रात्री ती आणि आई आळीपाळीने जागायच्या आणि दिवसा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं वडिलांचं दुकान ती एकटी ओढायची. त्यात उन्हाळा, म्हणजे ऐन धंद्याचे दिवस. घटकाभर पाठ टेकावी म्हटलं, तरी दारात कोणीतरी उभंच.

आजचं ‘कोणीतरी’ भलंथोरलं होतं. चाकांवरचं घरच ते... आत पलंग, ओटा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चालवणारा खाली उतरला. तिच्याच वयाचा असावा. शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे लाल. त्याने अर्ध्या शटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“बंद करताय? करा. मी इथेच सावलीत उभा राहतो. पुढे जायची ताकद नाही राहिली.”

त्याने गयावया केली असती, तर तिने सरळ उद्या या म्हणून सांगितलं असतं. पण हा माणूस तिच्याइतकाच दमलेला होता. तिने शटर पुन्हा वर ढकललं.

गाडीत त्याची आत्या होती. जन्म एका इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेला. निवृत्त झाल्यावर उभ्या आयुष्यात न पाहिलेला समुद्र बघायचा म्हणून तिने ही गाडी घेतली आणि लहानपणापासून जिने सांभाळलं तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून भाचा शाळेतून रजा घेऊन चालवायला बसला. तो भूगोल शिकवायचा. “नकाशे शिकवतो आणि चौकाचौकात रस्ता विचारतो, असा माझा सारथी,” अशी आत्याने त्याची ओळख करून दिली.

तक्रार साधी होती. एसीच्या पुढच्या जाळीतून वादळ सुटायचं आणि मागे, आत्याच्या पलंगावर, फुंकरही पोचायची नाही. उकाड्याने आत्याला वाटेत दोनदा घेरी आली होती. डॉक्टरने बजावलं होतं, मागे गारवा झाला नाही तर मुकाट्याने घरी फिरा.

ती हत्यारं घ्यायला दुकानात आली, तसा तो मागोमाग आला. “ताई, एक विचारू? होत नाही म्हणून सांगाल का आत्याला?” तो हळूच म्हणाला. “तुमचं ऐकेल ती. मी फार थकलोय हो... मला घरी जायचंय.”

तिला त्याचा राग आला नाही, याचंच तिला नवल वाटलं. तिलाही कितीदा वाटायचं, कोणीतरी येऊन सांगावं, आता हे होणार नाही, तू जा, झोप.

“खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं,” ती म्हणाली. “ते आज माझ्याकडे नाही. टॉर्च धरा.”

छताची जाळी काढून तिने आत हात घातला. यंत्र धडधाकट होतं. पण गार हवा ज्या पेटीतून बाहेर पडते, तिच्या सांध्यांना फटी पडल्या होत्या आणि निम्मा गारवा यंत्र परत स्वतःच ओढून घेत होतं. उरलेली हवा ती मागे नेणाऱ्या डक्टच्या तोंडाशी वाकलेल्या पत्र्यावर आपटून माघारी फिरायची.

“हवा भरपूर आहे,” ती वर बघतच म्हणाली. “वाटेतच खर्च होतेय.”

“माझंही तसंच झालंय,” तो म्हणाला, आणि टॉर्च किंचित हलला. तिने वळून पाहिलं. तो हसत होता, ओशाळल्यासारखा.

मग ती पत्र्याची कड कापत राहिली, फटींवर चंदेरी टेप दाबत राहिली. हवा न आपटता वळावी म्हणून तिने आत एक तिरका पत्रा बसवला. ती मागेल ते तिच्या हातात पडत होतं. एकदा तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. दोन्ही हात अडकलेले. त्याने क्षणभर घुटमळून आपल्या रुमालाच्या टोकाने तो टिपला... आणि दोघंही उगीचच टेपकडे बघत राहिले.

“ताई, ही टेप...” तो सुरू झाला.

“ताई म्हणू नकोस रे तिला,” गाडीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली आत्या म्हणाली. “पुढे पस्तावशील.”

हवा वाया जाऊ नये म्हणून शेवटच्या जाळीपलीकडची पोकळी तिने फोमने बुजवली आणि एसी लावला. मागच्या जाळीतून भस्सकन गार वारा आला. पलंगावर पडून बघ नीट, असं आत्यानेच तिला फर्मावलं. ती आडवी झाली. वारा थेट चेहऱ्यावर येत होता. अजून एक मिनिट, असं मनाशी म्हणाली तेवढंच तिला आठवत होतं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि अंगावर आत्याची शाल होती. ती धडपडत बाहेर आली. दुकानाच्या पायरीवर तो बसला होता. गिऱ्हाइकं येऊन गेली म्हणाला, बाई महत्त्वाच्या कामात आहेत असं सगळ्यांना सांगितलं.

“उठवायचं नाही का मला?”

“इतक्या दिवसांत कोणी झोपू दिलं होतं?”

झोप झाली का, हे आजवर तिला कोणी विचारलंही नव्हतं.

निघताना आत्या आधीच गाडीत जाऊन बसली, पडदा ओढून घेऊन. तो गाडीच्या दारात रेंगाळला. “परत येऊ?”

“आधी समुद्र दाखवा त्यांना,” ती म्हणाली. “अर्धवट टाकून नका येऊ.”

वाटेवरून आत्याचे फोन यायचे. गारवा इतका की पायमोजे घालते, वगैरे. मग फोन भाच्याकडे जायचा आणि आत्याला नेमकी तेव्हाच झोप यायची. एका दुपारी आत्याच्या फोनवर नुसता लाटांचा आवाज आला. मग त्याने फोन घेतला आणि ‘पोचलो’ एवढंच म्हणाला. त्यानंतर मात्र बरेच दिवस फोन आला नाही. तिने केलाही नाही. ‘वाटसरूच तो,’ तिने मनाला समजावलं, आणि मन काही समजलं नाही.

पावसाळा सरताना तो बसने आला. हातात एक पिशवी.

“आत्या?” तिने पहिल्यांदा तेच विचारलं.

“मजेत आहे. घरी सोडलं तिला. मी आठवडाभर नुसता झोपून काढला, पण पावसाळा सरत आला तरी शीण काही जाईना. मग कळलं... तो झोपेचा नव्हताच.”

“मग कशाचा?” विचारताना तिने हातातला पाना उगीचच पुसला.

“तुम्ही नसण्याचा.”

तिने पाना खाली ठेवला. मग सरळच म्हणाली, “माझ्याकडे फिरायला वेळ नाही. बाबा असे आहेत. रात्रीची जागरणं आहेत. हे असंच चालणार.”

“माहीत आहे. जागायला तिसरा माणूस असला तर? इथल्या शाळेत भूगोलाची जागा आहे का, विचारून आलोय.”

“आहे?”

“नाही. इतिहासाची आहे.”

ती हसली. इतकं हसली की स्टुलावर बसावंच लागलं, आणि मग डोळे पुसावे लागले. तोही तिच्याशेजारी जमिनीवर टेकला. खूप लांबून चालत आल्यासारखी दोघं नुसतीच बसून राहिली.

थोड्या वेळाने तिने घरी फोन लावला. आज जेवायला एक माणूस जास्त आहे, म्हणून सांगितलं.

“कोण गं?” आईने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“घरातलंच,” ती म्हणाली.