एका टाकीतले प्राण

शनीच्या टायटन या उपग्रहावरील तटस्थानकाच्या यंत्रशाळेत अभियंता वसुमती चंद्रात्रे ध्वनियंत्रापाशी बसली होती. मिथेन-सरोवराच्या पैलतीरावरून तिचा पती त्र्यंबक ‘मकर’ या उभयचर वाहनातून परतत होता. दोन वर्षे तो तेथील खाणीवर होता. मागच्या आसनावर अपघातात जखमी झालेली मंदाकिनी ही अश्मशास्त्रज्ञ बेशुद्ध होती.

“अहो, इंजिनाचा आवाज ऐकू द्या.” तिने कान दिला. “इंधन कमी केलंत ना?”

“धुराड्यातून काजळी येत होती, झडप आवळली. भुसावळला रेल्वेच्या इंजिनांवर जन्मभर हेच केलं.”

“हे भुसावळ नव्हे!”

“इंधन वाचलं तर बिघडलं काय?” स्थानकाचे वैद्य हळबे यांनी विचारले.

“डॉक्टर, पृथ्वीवर प्राणवायू हवेतून मिळतो, इंधन टाकीतून न्यावं लागतं. इथे उलट. इंधनाचं सरोवरच आहे. टाकीत असतो तो प्राणवायू. इंधन कमी पडलं, की तो न जळताच धुराड्यातून निघून जातो. आणि त्याच टाकीतून त्या दोघांचे मुखवटेही श्वास घेतात.”

तिने गणित मांडले, पुन्हा मांडले. “झडप उघडा, काजळी येऊ द्या. वेग बेताचा ठेवा. तरी... काठ येण्याच्या थोडं आधी टाकी संपेल.”

“तुझं गणित! आपल्या लग्नात जिलब्यासुद्धा मोजून केल्या होत्यास.”

“आता बोलू नका. बोलण्यातही श्वास खर्च होतो.”

“दोन वर्षांनी भेटणारी बायको म्हणते, बोलू नका!” तो हसला. मग ध्वनियंत्र शांत झाले. ज्या स्वरासाठी ती इतके दिवस आसुसली होती, तो तिनेच थांबवला होता.

संकेतकिरणाच्या आधारे सुकाणू आपोआप चालत होते. मकर मध्यसरोवरात असताना यंत्रशाळेतल्या फलकावर त्याच्या प्राणवायूचा काटा मंदावला.

“ताई, बचत होतेय! पोचतील!” हळबे उद्गारले.

वसुमतीचा चेहरा उजळला. मग तिने इंजिनाचे फेरे पाहिले, मिश्रण पाहिले. दोन्ही होते तसेच होते.

“डॉक्टर, इंजिन पूर्वीइतकंच पितंय. म्हणजे एक मुखवटा श्वास घेत नाहीये.”

“ती पोर फार जखमी होती,” हळबे हलकेच म्हणाले.

वसुमतीच्या मनानेही नेमके तेच मागितले, आणि त्या मागण्याची तिला लाज वाटली. तिने हाक मारली, “अहो, बोला आता. बोललात तरी चालेल.”

उत्तर आले नाही.

मकर काठाला टेकला. येथे चालकाने दांडा ओढून इंजिनाचा जोर पंख्याकडून चाकांकडे वळवायचा असतो. चाके निश्चल राहिली. पंखा मागे मिथेन घुसळत राहिला. पोशाख चढवून वसुमती धावत खाली गेली आणि तिने दिव्याचा झोत आत टाकला. त्र्यंबकचा हात स्वतःच्या मुखवट्याच्या बंद केलेल्या तोटीवर होता.

मागच्या आसनावरील मुखवट्याची काच धुकट होत होती, निवळत होती, पुन्हा धुकट होत होती.