बेकिनारी लोकांचं शीड

त्या गुरुवारी सांडूमामा लासूर स्टेशनला गेले होते. तिथल्या एका आडत्याला बारा ताडपत्र्या हव्या होत्या, त्या टेम्पोत टाकून ते सकाळीच निघाले. शहागंजातल्या आमच्या दुकानात मी एकटीच राहिले. मे महिना. दुपारी अडीचला आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. समोरच्यांनी शटरं अर्धी ओढून घेतली होती. मी मोठ्या मशीनवर ट्रकच्या ताडपत्रीला कड मारत बसले होते.

दुकान माझ्या वडिलांचं. त्यांच्यामागं मी आणि आमचे जुने कारागीर सांडूमामा मिळून ते चालवतो. माझा नवरा इंद्रजीत गंगापूरचा. लग्नानंतर तोही इथंच शिवायला बसायचा, पण त्याचं मन लागलं नाही. सहा वर्षांपूर्वी एका एजंटामार्फत तो मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला.

त्याच वर्षी त्याचा शेवटचा फोन आला, तेव्हा हसत होता. म्हणाला, "सत्यशीला, इथं दर्यात एक मुलूखच आहे बघ, जमीन नसलेला. शंभर-दीडशे जहाजं. त्याच्यावरच जन्मतात, त्याच्यावरच मरतात. लोकांची जहाजं लुटून खातात. आमचे लोक त्यांना बेकिनारी म्हणतात."

आठवड्यानं त्याचं जहाज सापडलं. रिकामं. चुलीवर भात तयार होता आणि बावीस माणसांतलं एकही नव्हतं. मी कुंकू पुसलं नाही. माझ्या सासूनं, सारजाबाईंनीही, पुस म्हटलं नाही.

तर त्या दुपारी मी मशीन थांबवलं आणि मान वर केली, तर उंबऱ्यात दोघं उभी. साठीचा एक माणूस आणि पंचविशीची एक बाई. दोघांच्या खांद्यावर मिळून एक जाड गुंडाळी. रिक्षाचा आवाज आला नव्हता.

"शिलाई होईल का, माय?" तो माणूस म्हणाला.

चेहऱ्यावरून तो कुठला ते कळेना. डोळे फिकट, कातडी करपलेली. पण बोली थेट गंगापूरची. मला ते तिथंच खटकलं.

"काय आहे?"

"शीड. थोडं फाटलंय. लई काम नाय."

त्यांनी ते फरशीवर पसरलं आणि दुकानभर वास सुटला. ओला, खारट, कुजलेल्या दोरासारखा. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि शिडाच्या कडेतून पाणी गळत होतं.

कापड दिसतच नव्हतं. नुसती ठिगळं. शर्टांची, गणवेशांची, साड्यांची. एक लहान मुलीच्या फ्रॉकचं. शेकड्यांनी.

"मुंबईत शिवणारे मेले काय?" मी विचारलं. "इतक्या लांब कशाला आलात?"

"टाका तुमचाच पाहिजे."

"माझं नाव कुणी सांगितलं?"

त्या बाईनं वाकून एका ठिगळावर बोट ठेवलं. निळ्या चौकड्यांचा कपडा. त्याच्यावर हिरव्या ताडपत्रीच्या धाग्यानं घातलेली तिरकी शिवण. इंद्रजीत निघाला त्या सकाळी त्याच्या ह्याच शर्टाचा खिसा उसवला होता. घरात दुसरा धागा नव्हता, म्हणून ह्या धाग्यानं मीच शिवला होता.

मी शिवणीवरून बोट फिरवलं. टाका माझाच होता. तरी मनात आलं, हे फसवायला आलेत. मढ्यावरचा शर्टही कुणी काढून आणू शकतं.

"तो... जिवंत आहे का?"

"आमच्यात आहे," माणूस म्हणाला. "मी ही बोली त्याच्याकडूनच शिकलो. जो आमच्यात येतो त्याचा कपडा शिडाला लागतो. मग त्याला किनारा राहात नाय. पण ह्याचं ठिगळ टिकंना. आम्ही शिवतो, ते उसवतं. सारखा जमिनीकडं तोंड करून बसतो."

खरंच, ते ठिगळ तीन बाजूंनी सुटलं होतं.

"आणि मी नाही शिवलं तर?"

"सुटंल."

"म्हणजे घरी येईल?"

त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "सुटलेला माणूस पाण्यात पडतो, माय," तो हळूच म्हणाला. "घरी कसा येईल?"

खरं बोलत होता की खोटं? पक्कं शिवलं तर तो कायमचा त्यांचा. नाही शिवलं तर कदाचित मीच त्याला बुडवणार. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता, आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती.

मी दाभण घेतलं आणि साखळीचा टाका घातला. साखरेच्या पोत्याचं तोंड शिवतात तो. दिसायला भक्कम, पण नेमक्या टोकाचा धागा ओढला की सगळी शिवण सरसर निघून येते. ते टोक मी ठिगळाच्या आत दडवलं. इंद्रजीतला हा टाका माहीत होता, आमच्याच दुकानात शिकला होता. पडायचं की राहायचं ते त्याचं त्यानं ठरवावं, एवढंच माझ्या मनात होतं.

माणसानं शिवण ताणून पाहिली, मान हलवली. मग त्या बाईनं ठिगळावरून हात फिरवला. तिचं बोट बरोबर त्या दडवलेल्या टोकावर थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठ किंचित हलले, हसल्यासारखे. आणि ती मुकाट्यानं शीड गुंडाळायला लागली.

तिला कळलं होतं. मग ती बोलली का नाही?

ते वळले, आणि मी मागोमाग रस्त्यावर आले. गल्ली दोन्हीकडून मोकळी होती.

नवव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्यांना धड बोलता येईना. "इंद्रजीत... आलाय गं. पहाटं दारात उभा व्हता."

मी मिळेल त्या जीपनं गंगापूरला गेले. तो खाटेवर बसला होता. अंग गरम, श्वास चालू. मेलेल्या बैलाचं नाव, माझ्या वडिलांच्या तोंडची शिवी, सगळं बरोबर सांगतो. कसा आलास विचारलं तर म्हणतो, "त्यांनी सोडलं." शिवण उसवली म्हणत नाही. सोडलं म्हणतो.

मी तिथंच राहिले. चौथ्या दिवशी सासूबाई मला विहिरीवर घेऊन गेल्या. मेमध्ये आमच्या विहिरीत बादली बुडत नाही. आता पाणी दिवसातून दोनदा दोन पुरुष उंच चढतं आणि दोनदा उतरतं. मी बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. खारट होतं.

परवा सकाळी कठड्याला एक दोर बांधलेला दिसला. मनगटाएवढा जाड, काळा, जहाज किनाऱ्याला बांधतात तसा. आमच्या घरात असला दोर नाही. खाली पाण्यात गेलेला आणि ताणलेला. सासूबाईंनी कोयता आणला. इंद्रजीत आल्यापासून पहिल्यांदाच धावला, आणि त्यानं त्यांचा हात धरला.

"कापू नको, आई," तो कळवळून म्हणाला. "त्यांच्यात लेकरं आहेत."

सासूबाईंच्या हातातून कोयता पडला. काल संध्याकाळपर्यंत तिथं तसे चार दोर झाले होते. चारही ताणलेले.