राखून ठेवलेले दोन पत्ते

माझं लिहिणं कच्चं आहे. शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. पण हे तोंडाने सांगायला गेलं की मी मध्येच विषय बदलतो, म्हणून लिहितो.

मी एका हॉस्पिटलात वायफायचं काम बघतो. माझं नाव कुणी घेत नाही, सगळे मला ‘वायफाय’च म्हणतात. त्या दिवशी संध्याकाळी तळघरातल्या संसर्गाच्या वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला.

“अरे वायफाय, लवकर खाली ये. मावशींचा फोन जोडला जात नाहीये... आणि मुलीकडे फार वेळ नाही.”

त्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नाहीत. तळघरात मोबाईलची रेंज नाही, आणि स्टाफच्या नेटवर्कवर व्हिडिओ कॉल बंद आहेत. त्यामुळे आतला रुग्ण आणि बाहेर बाकावर बसलेलं त्याचं माणूस पाहुण्यांच्या वायफायवरूनच काय ते एकमेकांना बघतात.

मावशी, म्हणजे त्या मुलीची आई, वॉर्डाच्या दाराबाहेर बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. फोन दोन्ही हातांत, ओंजळीत पाणी धरावं तसा. हॉलमध्ये त्यांच्याशिवाय दोन-चार माणसं. फिनेलचा वास आणि ट्यूबलाइटची घरघर.

वायफायला जोडलेल्या प्रत्येक फोनला एक नंबर मिळतो, त्याला आम्ही पत्ता म्हणतो. बाकावरच्या जागेसारखंच ते. जागा भरल्या की नवा फोन उभाच राहतो. मी लॅपटॉप उघडला. सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

आमच्या विभागाच्या सरांना फोन लावला. “सर, पत्ते संपलेत, आणि आतल्या मुलीच्या आईचा फोन जोडायचाय. वाढवू का?”

“आत्ता नको. त्यासाठी सगळं बंद करून चालू करावं लागेल, आत मुलीचा फोनही तुटेल. जुना एखादा काढून टाक.”

“जुने नाहीत सर. सगळे आत्ता चालू दाखवतंय.”

“हॉलमध्ये चार टाळकी आणि वायफाय फुल्ल? भुतं रील्स बघतायत का रे? काढ कुठलाही एक!”

मी बघत गेलो. लोक फोनला नावं देतात. ‘पप्पांचा’. ‘ताईचा जुना’. आणि मग, ‘आईचा मोबाईल’.

ते नाव मीच टाकलं होतं. शिवणयंत्राची सुई घुसून आईचं पहिलं बोट वाकडं झालं होतं, तिला टाइप करता यायचं नाही. म्हटलं, असं नाव कुणीही देईल. पण खाली फोनचा कोड होता, तोही तिचाच. तो फोन आमच्या घरी कपाटात आहे. बॅटरी फुगली म्हणून मीच काढून टाकलीय.

आई याच दारामागे गेली. मी याच बाकावर बसून कॉल लावत होतो. त्या दिवशीही वायफाय भरलेलं होतं. ती एकटीच गेली. नंतर मी इथेच कामाला लागलो.

फिनेलच्या वासात आता शिवणयंत्राच्या तेलाचा वास मिसळला होता...

“दादा, होईल ना रे?” मावशींनी विचारलं.

दुसऱ्या कुणाचं नाव काढायला माझा हात होईना. तीही कुणाची तरी माणसंच. मी अगदी हळू म्हणालो, “आई... जरा ऊठ गं. मावशींना बसू दे.” आणि बटण दाबलं.

“लागला! लागला गं बाई! पिल्ला, दिसतेय का मी?”

“आई... पाय गार पडलेत गं.”

“मोजे घाल म्हणून कितीदा सांगितलं? ऐकशील तर शपथ!” मावशी रडता रडता रागावत होत्या. मग त्यांचा आवाज निवळला. “सिस्टर, त्या आतल्या बाईंचे उपकार झाले हो. कधीच्या तिच्या डोक्यावरून हात फिरवतायत.”

सिस्टर आमच्याजवळच उभ्या होत्या. “आत कुणी नाहीये, मावशी... मी फोन स्टँडला लावून आत्ताच बाहेर आले.”

“अहो, हात दिसतोय की. पहिलं बोट वाकडं आहे, बघा...”

सिस्टर दाराकडे धावल्या. माझी मान काही स्क्रीनकडे वळेना. मुलगी शांतपणे गेली. शेवटपर्यंत आई तिला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये मावशी एकट्याच होत्या, कागदपत्रांची वाट बघत. मुलीचा फोन बंद करून पिशवीत घातलेला, पिशवी मांडीवर. मी पत्ते वाढवले, पुष्कळ वाढवले, आणि सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

मोकळ्या जागेत पहिला फोन मावशींचा आला. मग ‘पिल्लू’. आणि त्याला लागूनच ‘आईचा मोबाईल’.

या शेवटच्या दोन फोनांचे पत्ते मी कायमचे राखून ठेवले. ते दुसऱ्या कुठल्याही फोनला मिळणार नाहीत. तेवढ्यात सरांनी आपल्या स्क्रीनवर ते बघून फोन केला आणि विचारलं, “हे दोन कुणासाठी?”

“पाहुण्यांसाठी, सर.”

मग मावशींजवळ बसायला गेलो. त्यांच्या शेजारी बाकावर हात टेकला, तर लाकूड गरम होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. मी दोघींपुरती जागा सोडली आणि पलीकडच्या टोकाला बसलो.