कोऱ्या जागेवरचा लाल ठिपका

पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता. नखाएवढा.

वेबसाइटवर लोक कुठे क्लिक करतात, हे दाखवणारा एक नकाशा असतो; जिथे जास्त क्लिक, तिथे तो लाल होतो.

पण त्या जागी क्लिक करण्यासारखं काहीच नव्हतं…

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या ताईच्या बाबतीत हे घडलं, ती माझी सख्खी आतेबहीण. ताप दोनदा मोजल्याशिवाय ती आजारीसुद्धा पडत नाही.

ती एका ग्रंथालयाची वेबसाइट सांभाळते. सुट्टीची दुपार होती. इमारतीत ती एकटीच. लोक कुठे अडखळतात ते आकड्यांवरून पाहून मेनू सोपा करायचा होता.

त्या कोऱ्या जागी पूर्वी ‘बोलकी पुस्तकं’ची लिंक होती. अंध वाचकांसाठी तिचा दादा पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा. शेवटचं पुस्तक अर्ध्यावर असताना तो गेला. ताईला त्याचा आवाज सोसेना. तिनं लिंकच काढून टाकली.

तेवढ्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला.

“उरलेलं पुस्तक तू वाचणार आहेस का? वर्षभर तुझं ‘बघते’ ऐकून कान किटले माझे.”

“बघते, बाई.”

“झालं! आज सांग, नाहीतर ते अर्धं पुस्तक मी कायमचं पुसून टाकते.”

“बाई, या कोपऱ्यात कोण क्लिक करत असेल? आपले अंध वाचक?”

“अगं, ते माऊस कशाला फिरवतील? कीबोर्डवर चालतं त्यांचं सगळं.”

फोन ठेवून ताईनं कामासाठी साइट सगळ्यांसाठी बंद केली. आता आत कोणीच येऊ शकत नव्हतं.

आकडेवारीच्या पडद्यावर ‘सध्या साइटवर’ या शब्दांपुढे आकडा होता… एक.

आपणच असू, म्हणून तिनं स्वतःचं पान बंद केलं.

तरीही… एक.

तिनं ती जुनी लिंक परत जागेवर लावली. फक्त पाहायला.

लगेच कुणीतरी आत गेलं. दादाचं अर्धं पुस्तक उघडलं. थेट शेवटचा भाग.

मग ‘पुढचा भाग’वर क्लिक.

पुढचा भाग नव्हताच.

पुन्हा क्लिक. पुन्हा…

शेजारीच ध्वनिमुद्रणाची खोली होती. कुलूपबंद. किल्ली तिच्याच पर्समध्ये.

आत खुर्ची सरकली…

मग कुणीतरी घसा खाकरला. प्रत्येक भाग सुरू करण्याआधी दादा खाकरायचा, तसाच.

त्यानंतर काहीच नाही. नुसती शांतता. कुणीतरी वाट पाहत असल्यासारखी.

ताई उठली. किल्ली काढली. दाराशी गेली, पण किल्ली कुलपात घातली नाही.

शेवटी बंद दाराकडे पाहत ती मोठ्यानं म्हणाली,

“दादा, ऊठ त्या खुर्चीवरून. पुढचं मी वाचते.”