भुवयांच्या मधोमध

पोहायला शिकवताना सगळ्यात अवघड काय, तर पाण्यात तोंड घालायला लावणं. हातपाय काय, कुणीही मारतं. पोहण्याच्या बाईंनी त्यावर एक तोडगा काढला होता. त्या मुलांना तलावाची कड धरून उभं करत आणि सांगत, "पाण्याला आपलं एक गुपित सांगायचं. बुडबुड्यांत सांगायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळत नाही."

"बाई, माझं गुपित नाकातून परत आलं!" ज्याला सगळे बेडूक म्हणत तो ओरडला, आणि उरलेला तास खिदळण्यात गेला.

बाईंना याहून वेगळं काही नको होतं. घरी त्या आणि धाकटा भाऊ, एवढाच संसार. बाकी जीव सगळा या मुलांत.

पण वर्षातून एकदा त्यांच्या डोकेदुखीचा हंगाम येई. डॉक्टर तिला क्लस्टर हेडेक म्हणत. काही आठवडे रोज, एका डोळ्यामागे कुणी तापलेली सळई फिरवावी तसं दुखे. त्या बाजूचा डोळा लाल होऊन वाहू लागे, पापणी उतरे, नाकपुडी चोंदे. निजवत नसे, बसवत नसे, नुसत्या येरझाऱ्या घालाव्या लागत. मग आलं तसं ते निघून जाई. आजवर ते रात्रीचं येई. या वर्षी दुपारी येऊ लागलं, ऐन तासाच्या सुमाराला.

कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला डोकं टेकून उभ्या असलेल्या बाई एकदा मॅनेजरच्या नजरेला पडल्या.

"बाई, तुमच्या शिकवण्याला नाव ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "पण मुलं पाण्यात आणि तुमचा एक डोळा मिटलेला. उद्या काही झालं तर? या महिन्यात हे थांबलं नाही, तर मुलांचा वर्ग मला दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल."



दुसऱ्या दिवशी तलाव रिकामा असतानाच दुखणं सुरू झालं. येरझाऱ्याच घालायच्या तर पाण्यात घालू, म्हणून त्यांनी उडी घेतली. जाताना दुखत होता डावा डोळा. पलीकडच्या भिंतीशी वळून परत फिरल्या, तर उजवा. त्यांना वाटलं, आपलंच काही चुकतंय. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. जाताना डावा, येताना उजवा. तलावाच्या एका अंगाला उंच खिडक्या होत्या. कुठंही तोंड करा, दुखणं आपलं खिडक्यांच्या बाजूला.

त्या निथळत वर आल्या आणि जागच्या जागी सावकाश वळू लागल्या. खिडक्यांकडे नेमकं तोंड झालं तेव्हा दुखणं भुवयांच्या मधोमध येऊन थांबलं. होकायंत्राचा काटा थांबतो तसं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "बाजू बदलते कधीकधी, क्वचित," ते म्हणाले. "पण मान वळवली म्हणून नाही." आणि त्यांनी गोळी बदलून दिली.

भाऊ जमिनीची मोजणी करणारा. त्याला हसू आवरेना. "ताई, नोकरी गेली तर माझ्याकडे ये. यंत्राचं भाडं वाचेल."

"दात काढ तू. पण आधी नकाशा काढ."

बाईंनी त्याला मुलांना सांगावं तसं सांगितलं. भर तलावात चेंडू तरंगतोय. काठावरच्या एका पोराने त्याच्याकडे बोट केलं, तर चेंडू त्या रेषेवर कुठंतरी आहे एवढंच कळतं. दुसऱ्या काठावरच्यानेही बोट केलं की दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं चेंडू.

"हे मला शिकवतेस?" भाऊ म्हणाला. पण पुढच्या वेळी दुखू लागलं तेव्हा तो स्कूटर घेऊन हजर होता. एक रेषा तलावापासून घेतली. दुखणं थांबायच्या आत ताईला मागे बसवून पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि दुसरी तिथून घेतली. रेषा शहराबाहेर छेदल्या, दगडखाणीच्या पलीकडे. नकाशावर तिथं काहीच नव्हतं.

पुढच्या खेपेला रेषा खाणीच्या अलीकडे मिळाल्या. त्यापुढच्या खेपेला रेल्वेच्या रुळांपाशी. मग धान्याच्या गोदामामागे.

भावाचे विनोद बंद झाले. "ताई, हे चालत येतंय."

"कोण असेल रे?" बाईंनी विचारलं. त्यांचं दुखणं नुकतंच थांबलं होतं, तरी आवाजात नवल होतं.

"कोण काय? काय म्हण."

"मला काय वाटतं सांगू? ते मला शोधत असेल, तर आपणच जाऊन भेटावं. निदान विचारता तरी येईल, बाबा, माझ्या पोरांचा तास का बुडवतोस."

"आणि त्यानं उत्तर दिलं तर?"

यावर दोघंही हसली, पण थोडंसंच.

त्यानंतरच्या दुपारी तासाआधीच डोळ्यामागे टोचू लागलं. भाऊ कामावर होता. बाईंनी लाइफगार्ड मुलीला सांगितलं, "मुलं आली तर बुडबुडे सुरू कर. मी आलेच." दुखणं भुवयांच्या मध्ये धरलं आणि त्या निघाल्या.

लख्ख ऊन होतं. चपलांच्या दुकानावरून, झेरॉक्सवाल्यावरून, छापखान्यावरून त्या चालत गेल्या. दुखणं जराही न ढळता समोर होतं. छापखान्यापुढे एक सरळ, रुंद रस्ता लागला. दोन्ही बाजूंना बंद शटर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

निम्म्या रस्त्यात वेदना एकदम वाढली. बाई थांबल्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या, मान वळवली नव्हती, तरी दुखणं सरकू लागलं.

मधून उजव्या भुवईत. उजव्या भुवईतून उजव्या कानशिलात. तिथून कानामागे, मानेत.

समोरून आलेलं माणूस शेजारून निघून जावं, तसं.

त्या गर्रकन वळल्या. रस्ता तसाच रिकामा. दुखणं पुन्हा भुवयांच्या मधोमध, आणि क्षणाक्षणाला मंद होत चाललेलं. म्हणजे दूर जाणारं.

त्यांना शोधत आलेलं नव्हतंच ते. त्या फक्त त्याच्या वाटेत होत्या.

वाट सरळ तलावाकडे जात होती.

बाईंनी धावतच फोन लावला. "मुलांना बाहेर काढ!"

"आत्ताच उतरलीत, बाई. काय झालं?"

"काढ म्हणते ना! सगळ्यांना! काठावर बसव!"

त्या तलावाच्या दारात पोचल्या तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. पण डोकं गार होतं. दुखण्याचा मागमूस नव्हता. महिनाभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मुलं काठावर ओळीने बसली होती, टॉवेल गुंडाळून. एकही कमी नव्हतं. पाण्यात कुणी नव्हतं. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"काही झालं नाही, बाई," लाइफगार्ड म्हणाली. "क्लोरीन जरा जास्त पडलंय वाटतं आज. सगळ्यांचे डोळे चुरचुरताहेत."

बाईंनी ओळीकडे पाहिलं. मुलं दाटीवाटीने बसली होती. फक्त मध्ये एका मुलापुरती जागा मोकळी होती.

"मध्ये जागा का रे सोडलीत?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. जागा सोडल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

मोकळ्या जागेच्या एका अंगाला बसलेल्या सगळ्यांचा डावा डोळा लाल होऊन वाहत होता. दुसऱ्या अंगाच्या सगळ्यांचा उजवा. ज्याचा त्याचा जागेकडचा डोळा.

"बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?" लाइफगार्डने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. ते खरं होतं.

तेवढ्यात टोकाला बसलेल्या बेडकाने मागे पडलेला टॉवेल उचलायला अंग वळवलं. त्याचा लाल डोळा वाहायचा थांबला आणि दुसरा वाहू लागला.